साडूंनी दाखवलेला झिरा

माझ्या थोरल्या साडूंबरोबर एकदा फिरायला गेलेला माणूस दुसऱ्यांदा त्यांच्याबरोबर जात नाही, हे आमच्या सासरच्या गोतावळ्यात सर्वांनी मान्य केलेलं सत्य आहे. मी अकरा वेळा गेलो. बाराव्यांदा त्यांनी मला नेलं नाही, आणि त्याला माझ्याशिवाय दुसरं कुणी जबाबदार नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चौसाळ्यात हमरस्त्याच्या कडेला त्यांचं शिंप्याचं दुकान आहे. गेली चाळीस वर्षं एकाच मशीनपुढे, एकाच स्टुलावर बसून हा माणूस शाळेच्या चड्ड्या, पुढाऱ्यांचे पांढरे शर्ट आणि लग्नातले सफारी शिवत आला आणि समोरून धावणाऱ्या गाड्या बघत आला. "येवढी माणसं कुठं चाललीत बे, अन् तिथं जाऊन करतेत तरी काय?" हा प्रश्न त्यांना तरुणपणीच पडला आणि त्याचं उत्तर शोधायला ते दर गुरुवारी दुकानाला कुलूप घालून स्वतःच निघू लागले. जिल्ह्याची हद्द मात्र त्यांनी कधी ओलांडली नाही. केरळ, काश्मीर असं कुणी बोललं की म्हणत, "आधी घरातल्या खोल्या तर बगू. मग शेजाऱ्याकडं जाऊ." एरवी अतिशय मवाळ माणूस. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय असल्यामुळे बोलणं निम्मं ओठांतच राहायचं. पण सहल म्हटली की टाचण्या निघत आणि आतला फौजदार बाहेर येई.

निघायच्या आधी ओट्यावर चादर अंथरली जाई आणि प्रत्येकाची पिशवी तिच्यावर रिकामी होई. वेफर्सची पाकिटं फोडून वेफर्स स्टीलच्या डब्यात, बिस्किटं दुसऱ्या डब्यात, शांपूच्या पुड्या पिळून एका बाटलीत. मोकळी वेष्टनं घरीच एका खोक्यात जात. "ह्ये कागद आपल्या घरचे हायेत. घरीच राहू द्या. त्यांला डोंगर बगायची हौस न्हाई," असं त्यांचं म्हणणं. एकदा अंबाजोगाईला निघताना त्यांनी सासूबाईंच्या औषधांच्या चांदीच्या पट्ट्याही सोलल्या. सगळ्या गोळ्या एका डबीत पडल्या, सगळ्या पांढऱ्या. दिवसभर रक्तदाबाची कुठली आणि पित्ताची कुठली हे कुणालाच कळेना. सासूबाईंनी एकही घेतली नाही. त्या दिवशी त्यांना काहीच झालं नाही, आणि त्याचंही श्रेय साडूंनीच घेतलं. पाण्याच्या विकतच्या बाटल्यांना बंदी. त्यांनी जाड कापडाची एक छागल स्वतः शिवली होती. पाणी त्यात फार गार राहायचं, पण ती गळायची, आणि ज्याच्या मांडीवर ठेवली असेल तो माणूस मुक्कामाला पोचेपर्यंत संशयास्पद दिसायचा.

धारूरच्या किल्ल्यावर एक नवरदेव किल्लीच्या टोकानं भिंतीवर बदाम कोरत होता. नवी नवरी शेजारी लाजत उभी. साडू जवळ गेले, चष्मा चढवला, कोरलेली अक्षरं मोठ्यानं वाचली आणि अगदी आदबीनं म्हणाले, "जावईबापू, नुसतं नाव कावून? आडनाव टाका, गाव टाका. मागून येणाऱ्याला शिव्या द्यायच्या असल्या तर कुठं पाठवायच्या?" नवरदेवानं किल्ली खिशात घातली, नवरी फिस्सकन हसली, आणि मला वाटतं त्या संसाराची सुरुवात जरा अवघडच झाली असावी. माझी बायको घाटातल्या सीताफळवाल्या बाईशी घासाघीस करू लागली की हे मधे पडून बाईनं सांगितलेल्या भावाच्या वर चढत. "दाजी, तुमच्यामुळं मला बाजार करता येत नाही," बायको म्हणायची. "बाजार चौसाळ्यात कर ना. ही बाई डोंगर उतरून आलीय," साडू म्हणायचे.

नायगावला मोर बघायला गेलो तेव्हा तर त्यांनी दोघी बहिणींच्या बांगड्या उतरवून रुमालात बांधल्या, माझा फोन बंद करवला आणि आम्हाला एकामागे एक, अनवाणी चालवलं. दोन तासांनी झुडपामागून मोराची निळी मान दिसली. आम्ही श्वास रोखले. आणि त्याच क्षणी खुद्द साडूंना शिंक आली. त्यांची शिंक साधी नव्हे. दुकानात ती आली की समोरच्या हॉटेलातला माणूस चहा सांडतो. मोर गेला. त्याच्यामागे न दिसलेले आणखी सात-आठ मोर उडून गेले, तेव्हा ते तिथे होते हे कळलं. साडू इतके ओशाळले की फाटकावरच्या वनरक्षकापुढे उभे राहून म्हणाले, "साहेब, माझी चूक झाली. मला वर्षभर आत सोडू नका." वनरक्षकाला काही कळलं नाही. साडू मात्र खरंच वर्षभर तिकडे फिरकले नाहीत.

पण त्यांचा सगळ्यात छळवादी नियम परवानगीचा. कुठल्याही वस्तीत, कुणाच्याही शिवारात पाय ठेवण्याआधी विचारायचं. विचारायला माणूस नसेल तर माणूस येईपर्यंत थांबायचं. भर उन्हात एका विहिरीजवळ त्यांनी आम्हाला तासभर उभं केलं आहे, पाणी समोर, घसे कोरडे, आणि साडू चारी दिशांना तोंड करून ओरडताहेत, "पाणी घेऊ का हो?" मी चिडून म्हणालो, "अहो भाऊ, उघड्यावरची विहीर आहे ही." ते म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या घरी फाटक उगडं असलं तर मी सरळ सैपाकघरात जाऊन बसलो, तर चालंल का? ज्याला तुमी उगडं म्हणताव ते कुणाचं तरी घर असतंय." आम्ही हसत होतो तेव्हा. त्यांच्या तोंडावर नव्हे, पण घरी येऊन पोट धरून हसत होतो.

अकराव्या खेपेला त्यांनी मला एकट्यालाच नेलं. श्रावण होता. चौसाळ्यापुढे हमरस्ता सोडून कच्च्या वाटेनं डोंगरात शिरलो. सात-आठ घरांची एक वस्ती लागली. तिथल्या शेवंताबाई म्हणून एक पन्नाशीच्या बाई, साडूंच्या ओळखीच्या. त्या सीताफळं विकायला चौसाळ्याला येत आणि दुकानाच्या सावलीत टोपली टेकत. साडूंनी रीतीप्रमाणे दारात उभं राहून विचारलं, "बाई, झिऱ्याकडं जाऊ का?" त्या म्हणाल्या, "जावा की. हंडा भरून येताना घेऊन या तेवढा." आणि आम्ही दोघं साठी ओलांडलेले पुरुष एकेक हंडा घेऊन वर चढलो.

झिरा म्हणजे कपारीतून झिरपणारं पाणी. वर काळ्या खडकाचं छत, त्यावरून पावसाळ्यात एक बारीक धार पडते, खाली दहा-बारा माणसं मावतील एवढं, काठाला उथळ आणि मधे गळ्याइतकं कुंड, आणि बाजूला शेंदूर लावलेला एक दगड. पाणी इतकं स्वच्छ, की तळातले खडे मोजता यावेत. त्या पाण्यावर ती सात-आठ घरं जगत होती. साडूंनी हंडे भरले, आणि मग टाचण्या नसतानाही टाचण्या असल्यासारखं हळू बोलले, "पाव्हणं, तुमचा हात लिवता हाय, म्हणून सांगतो. ह्ये लिवायचं न्हाई."

"नाही लिहिणार," मी म्हणालो.

मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून बीडच्या एका दैनिकात दर रविवारी भटकंतीवर सदर लिहीत होतो. दीड-दोन वर्षांत जिल्ह्यातली सगळी देवळं, बारवा, गढ्या लिहून संपल्या होत्या. संपादकांचा फोन आला, "सर, काहीतरी नवीन द्या. लोकांनी न पाहिलेलं." मी एक दिवस विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी त्याच दुपारी लिहायला बसलो. गावाचं नाव टाकलं नाही, फक्त 'चौसाळ्यापुढे डावीकडे वळणारी लाल वाट' एवढंच लिहिलं, आणि हे म्हणजे मी वचन पाळलंच आहे अशी स्वतःची समजूत घातली. 'मानवी पाऊल न उमटलेलं, निर्मनुष्य, अस्पर्श सौंदर्य' असे शब्द मी त्यात वापरले होते. शेवटी 'निसर्गाचा मान राखा, कचरा करू नका' अशी ओळ होती. ती एक ओळ लिहिली की आपण सगळ्यातून सुटलो, असा माझा तेव्हा समज होता. तो बऱ्याच जणांचा आजही आहे.

पहिल्या रविवारी दहा-बारा मोटारसायकली गेल्या. त्यातल्या कुणीतरी मोबाईलवर रील टाकली, खाली नकाशा दिला, आणि मग दर रविवारी लाल वाटेवर गाड्यांची रांग लागू लागली. स्पीकर आले, थर्माकोलच्या पत्रावळ्या आल्या, दारूच्या बाटल्या आल्या. कुंडात शांपूचा फेस दिसू लागला. शेंदराच्या दगडावर लोक ओले टॉवेल वाळत घालू लागले. साडूंनी मला विचारलं नाही, की पेपरात हे कुणी लिहिलं. नाव छापलेलंच होतं.

त्यांनी काय केलं, तर दुकानाची सुट्टी गुरुवारची रविवारी केली. आठवडाभर उरलेल्या चिंध्यांच्या पिशव्या शिवायच्या, नाडीच्या, रंगीबेरंगी, आणि रविवारी वाटेच्या तोंडाशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला एक द्यायची. "दादा, यात कचरा टाका अन् घरी न्या. खाली बायका पाणी भरतेत. आंघोळ कुंडाच्या खाली करा, आत न्हाई." लोक पिशव्या आनंदानं घेत. जाताना त्या कचऱ्यानं गच्च भरत, नाडी आवळत आणि सीताफळीच्या झाडांना टांगून जात. आपलं काम आपण चोख केलं असं समाधान त्यांच्या तोंडावर असायचं. संध्याकाळी त्या डोंगरउतारावर शे-दीडशे रंगीत पिशव्या लोंबत असत आणि साडू एकटे त्या उतरवत फिरत.

पुढे त्यांचीच रील झाली. एका गटानं आंघोळीवरून त्यांच्याशी वाद घातला, तेव्हा साडू कधी नव्हे ते ओरडले, "ह्ये पाणी तुमच्या बापाचं न्हाई, माझ्याबी बापाचं न्हाई, पेणाऱ्याचं हाय!" ते कुणीतरी टिपलं, मागे ढोलकी लावली, आणि 'थैलीवाले काका' जिल्हाभर प्रसिद्ध झाले. लोक झिऱ्याइतकेच त्यांना बघायला येऊ लागले. "काका, ते बापाचं पुन्हा एकदा म्हणा ना." पहिले दोन रविवार साडूंना वाटलं, की लोक ऐकायला येताहेत. ते खरंच पुन्हा म्हणत, दर खेपेला तितक्याच पोटतिडकीनं. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना ती ढोलकी ऐकवली तेव्हा ते मशीनवर बसले होते. पाय थांबले. "बरं," एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, पण ओरडायचं सोडून दिलं. नुसती पिशवी पुढे करायचे.

आता जे सांगायचं आहे ते टाळून हे लिहिणं संपवता आलं असतं. पण ते टाळलं तर साडूंबद्दल मी काहीच सांगितलं नाही असं होईल.

संभाजीनगरहून माझे दोन जुने सहकारी शिक्षक गाडी घेऊन आले. "तूच लिहिलंस ना ते? दाखव की." मला भूषण वाटलं. रविवार होता. साडू वाटेच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी मला पाहिलं. "आलात का," म्हणाले, आणि मला एक आणि मित्रांना दोन अशा तीन पिशव्या दिल्या, कुठल्याही अनोळखी माणसाला द्याव्यात तशा. मित्रानं गाडी आधीच्या गाड्यांच्या मागे लावली. वाट एका गाडीपुरतीच होती. मग ते दोघं पोहायला वर गेले. मी खाली एका दगडावर बसून राहिलो.

अर्ध्या तासानं वरून आरडाओरड ऐकू आली. साडू वाटेच्या तोंडापासून माझ्यासमोरून धावत वर गेले. कुंडात कुणीतरी बाटली फोडली होती आणि हंडा बुडवायला पाण्यात उतरलेल्या शेवंताबाईंच्या पायात काच घुसली होती. साडू त्यांना पाठीवर घेऊन उतरले. पायाला त्यांच्याच चिंध्यांची पिशवी गुंडाळलेली, आणि ती लाल होत चाललेली. वस्तीतला एकजण रिक्षा काढायला धावला. रिक्षा निघाली आणि बाई तिच्यात बसायच्या आतच थांबली. पुढे सात गाड्या, एकामागे एक. शेवटची, बाहेर पडायची वाट अडवून बसलेली, आमची.

साडू त्या गाड्यांच्या रांगेतून हाका मारत चालले, "ही कुणाची? दादा, गाडी काढा, बाईला दवाखान्यात न्यायचंय." एक तरुण टोळकं गाडीला टेकून उभं होतं. त्यातला एक म्हणाला, "अरे, थैलीवाले काका! काका, आधी एक सेल्फी." आणि त्यानं खरंच फोन वर धरला. साडू त्याच्याकडे बघतच राहिले. बाई पाठीवर होत्या. मग ते माझ्यापाशी आले. शिव्या देतील असं मला वाटलं. मला त्या हव्या होत्या.

"पाव्हणं," ते म्हणाले, "किल्ली."

किल्ली माझ्याकडे नव्हती. ती मित्राच्या पँटच्या खिशात होती आणि पँट वर कुंडाच्या काठावर होती. मी पळत सुटलो. दोनदा पडलो. मित्र गळ्याइतक्या पाण्यात हसत उभा होता. किल्ली घेऊन खाली येईपर्यंत बराच वेळ गेला, आणि आमची गाडी मागे घेऊन वाट मोकळी होईपर्यंत आणखी. तेवढा वेळ साडू उन्हात उभे होते. बाईंना त्यांनी खाली ठेवलं नव्हतं.

शेवंताबाईंना साखरेचा आजार होता, हे बीडच्या दवाखान्यात गेल्यावर कळलं. जखम चिघळली. पायाची दोन बोटं काढावी लागली.

पंधरा दिवसांनी मी धीर करून चौसाळ्याला दुकानात गेलो. साडू कुणाची तरी बाही उसवत होते. मी म्हणालो, "भाऊ, मी पेपरात माफी मागतो. सगळं खरं लिहितो."

"नका लिवू," ते मान वर न करता म्हणाले. "लिवलं की पुन्हा लोक येतेल."

दोन टाके उसवून म्हणाले, "माफी मागायची तर तिला मागा. तिला वाचता येत न्हाई."

मी गेलो. शेवंताबाई ओसरीवर पाय लांब करून बसल्या होत्या. झिऱ्याचं पाणी वस्तीनं सोडलं होतं. दोन दिवसांआड टँकर यायचा आणि सुना वाटेच्या तोंडापर्यंत हंडे घेऊन जायच्या. त्यांनी मला टँकरच्या पाण्याचा चहा दिला. मी चाचरत जे बोलायचं ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमीच का ते लिवणारे?" त्या म्हणाल्या. "पोरानं वाचून दावलं होतं मला. लई चांगलं लिवलंय. फक्त आमचं कावून न्हाई लिवलं?"

"म्हणजे?"

"हितं माणूस न्हाई, असं लिवलं होतं ना तुमी. आमी तर हितंच होतो. तुमाला हंडा दिलता की मी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच न समजलेली गोष्ट विचारावी तसं त्या विचारत होत्या. "माणसं राहतेत असं लिवलं असतं, तर दोघं-चौघं तरी विचारून आले असते."

मी कप खाली ठेवला आणि उठलो. सदर मी बंद केलं. संपादकांनी कारण विचारलं तेव्हा गुडघे दुखतात असं सांगितलं.

झिऱ्यावर पुढे लोखंडी कठडा आला, सिमेंटच्या पायऱ्या आल्या, रंगवलेली बाकडी आली. तोवर रीलवाल्यांना दुसरीकडे कुठेतरी दुसरा धबधबा सापडला होता. गर्दी जशी आली तशी एका पावसाळ्यात ओसरली. कचरा राहिला. साडूंनी सुट्टी पुन्हा गुरुवारवर आणली आणि ते पोतं घेऊन वर जाऊ लागले. मीही जाऊ लागलो. त्यांनी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. आम्ही काचा वेचायचो, ते कुंडाच्या त्या अंगाला, मी या अंगाला. दोन पावसाळे लागले. त्याला मी सहलीत धरत नाही. दुसऱ्या वर्षी शेवंताबाईंची सून हंडा घेऊन वर आली, ओंजळभर पाणी तिनं तोंडाशी नेलं, चूळ भरली आणि थुंकली. "अजून न्हाई," म्हणाली, आणि रिकामा हंडा घेऊन उतरली.

आता त्या गोष्टीला काही वर्षं झाली. साडू सत्तरीकडे आलेत. आमच्याकडे बीडला येतात, अक्का नि माझी बायको आतल्या खोलीत बोलत बसतात, आम्ही दोघं बाहेर. ते माझ्याशी चांगलं बोलतात: पावसाचं, मशीनच्या पट्ट्याचं, गुडघ्यांचं. कुठे फिरायला गेले होते हे मात्र कधी सांगत नाहीत. मागच्या मे महिन्यात, एका गुरुवारी संध्याकाळी असेच आले. बीडच्या नळांना त्या आठवड्यात पाणी नव्हतं; बायकोनं बादलीतलं तांब्याभर मोजून त्यांना पाय धुवायला दिलं. "राहू दे, पाय सोच्छ हायेत," ते म्हणाले आणि खुर्चीत टेकले. चेहरा उन्हानं रापलेला, पण डोळे असे, की त्या डोळ्यांचा माणूस मी एकदाच, खडकाच्या एका छताखाली पाहिला होता.

"कुठं गेलतात दाजी एवढ्या उन्हाचं?" बायकोनं विचारलं.

"हाय असंच," साडू म्हणाले.

त्यांच्या चपलेच्या पट्ट्याला शेवाळाचा एक तुकडा चिकटलेला होता. मे महिन्यात, आमच्या जिल्ह्यात, अजून हिरवा. मी तो पाहिला. मी पाहिला हे त्यांनी पाहिलं, आणि सावकाश दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

मी उठलो आणि चहाचं काय झालं ते बघायला आत गेलो.